लांब मानेच्या बायका

माझे भावोजी चित्रकार होते. साबणाची वेष्टनं, अत्तराच्या बाटल्यांवरची लेबलं आणि कॅलेंडरं यांच्यासाठी त्यांनी चाळीस वर्षं रुबाबदार बायका काढल्या. खिडकीशी उभी असलेली, आरशासमोर बसलेली, जिना उतरताना मागे वळून पाहणारी. बाई कोणतीही असो, मान लांब आणि हनुवटी निमुळती. छापखान्यात त्यांना ‘मानेवाले’ म्हणत. “काय मानेवाले, या महिन्याची किती इंच?” अशी थट्टा चाले आणि ती त्यांना आवडे.

या सगळ्या बायकांसाठी उभी राहायची ती माझी थोरली बहीण. घर दोन खोल्यांचं. उजेडाची खोली भावोजींची, दुसरीत सगळा संसार. पलंगावरची चादर खांद्यावरून घेऊन ताई तास-तासभर उभी राही. चादरीच्या चुण्या, कोपराचा बाक, पाठीची रेघ ते तिच्यावरून घेत. चेहरा मात्र मनचा. एकदा मी गेलो तर आत दूध करपल्याचा वास सुटलेला, आणि ही जागची न हलता नुसत्या डोळ्यांनी मला सांगत होती, गॅस बंद कर.

ताई ठेंगणी. मान आखूड, नाक बसकं, हनुवटी रुंद. हनुवटीवर एक खूण होती. लहानपणी माझ्यामागे धावताना ती पायरीवर पडली होती.

साठीला आली तेव्हा तिच्या जबड्यात गाठ निघाली. खालचा जबडा बराचसा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचेल, चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही. ऑपरेशनला बारा दिवस होते. घरी आल्यावर चप्पल काढता काढताच ती म्हणाली, “अहो, माझं एक चित्र काढा.”

“आजवर तुझीच तर काढतोय.”

“त्या तुमच्या बायका. मला काढा.”

मी म्हटलं, “ताई, फोटो काढून घेऊ. कोपऱ्यावरच स्टुडिओ आहे.”

“चाळीस वर्षं पेंटरच्या घरात उभी राहिले आणि आता फोटोवाल्याकडे जाऊ? वेडा आहेस का तू?”

मी फोटोचा आग्रह सोडला. तिथे माझं चुकलं.

भावोजींनी आळस केला असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी दहा ते एक ते काम करत. ताई पहिल्यांदाच चादरीशिवाय, घरच्या कपड्यांत बसली. अकराव्या दिवशी मला बोलावणं आलं. चित्र सुंदर होतं. मान दोन बोटं लांब, नाक तरतरीत, हनुवटी निमुळती आणि नितळ.

ताई बराच वेळ पाहत राहिली. “छान आहे. कोण ही?”

“अगं, तूच.”

“माझी खूण कुठे गेली?”

“ती काय मुद्दाम दाखवायची?”

“हो.”

बाराव्या दिवशी ते पुन्हा बसले. हनुवटी त्यांनी तीनदा फडक्याने पुसली आणि तिन्ही वेळा तीच हनुवटी परत आली. मी शेजारी उभा राहून पाहिलं. कोपर, खांदा काढताना हा माणूस दर मिनिटाला समोर बघे. चेहऱ्याशी आला की कॅनव्हासवरून नजर हलत नसे. एक वाजला. दवाखान्याची पिशवी भरायची होती. मी पुन्हा फोटोचं काढलं, तर ताई म्हणाली, “राहू दे आता.”

ती दवाखान्यात असताना अत्तरवाला घरी आला, त्याला ते चित्र आवडलं आणि भावोजींनी देऊन टाकलं. “घरात ठेवून तिला त्रासच झाला असता,” असं मला वर सांगितलं. चार महिन्यांत ती बाई दुकानादुकानांत फळीवर उभी. ताई तोंडाला रुमाल बांधून माझ्याबरोबर बाजारात आली होती. बाटली माझ्यापुढे धरून, अर्धवट फुटणाऱ्या शब्दांत म्हणाली, “बघ, हिचं बरं चाललंय.”

त्यानंतर एका दुपारी भावोजींनी मला हळूच विचारलं, “तिची ती खूण डावीकडे होती की उजवीकडे रे? पुन्हा करून बघावं म्हणतो.”

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

ताईने आतून ऐकलं होतं. ती बाहेर आली, रुमाल सोडला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसली.

“त्याला काय विचारता? मी आहे ना समोर. बघा आणि काढा.”

भावोजींनी कागद लावला. ब्लेडने पेन्सिलीला टोक केलं. मग पुन्हा केलं. कपच्या पायाशी पडत राहिल्या. डोळे काही वर झाले नाहीत. अर्ध्या तासाने ताई उठली, रुमाल बांधला आणि भाजी चिरायला आत गेली.