साबा बेट आणि आमचा जिना

इथे नेदरलँडमध्ये मे महिन्यातली सुट्टी जानेवारीत ठरवतात. ऑफिसमध्ये सगळ्यांची नावं असलेला एक तक्ता फिरतो आणि जो आधी भरेल त्याची सुट्टी पक्की. मी दरवर्षी सगळ्यांचं भरून झालं की उरलेल्या तारखा घेते. गेल्या वर्षी मात्र पहिल्याच दिवशी, अंगातला कोट काढायच्या आधी, मी मुलीच्या शाळेच्या सुट्टीचे दोन्ही आठवडे रंगवून टाकले. पुण्याहून आई येणार होती आणि मला तिला साबाला न्यायचं होतं.

साबा म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक चिमुकलं बेट. खरं तर बेट कसलं, समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं डोकं. आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मी लायडनला राहायला आले तेव्हा तिने फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तुमच्या त्या सपाट देशाचं सगळ्यात उंच टोक तुमच्या देशात नाहीच, ते साबावर आहे. कारण साबा नेदरलँडच्याच ताब्यात आहे. डोंगरावर जायला हजारावर पायऱ्या आहेत. "माझे गुडघे आहेत तोवर एकदा बघायचंय गं," असं ती त्यानंतर दोनदा म्हणाली. माझी आई काही हवंय असं आयुष्यात फारसं म्हणालेली नाही. म्हणून ते दोनदा माझ्या लक्षात राहिलं.

मग सुरू झाला छळ. साबाला थेट विमान नाही. आधी मोठ्या विमानाने शेजारच्या बेटावर, तिथून छोट्या विमानाने साबावर. मोठं विमान ज्या दिवशी पोचतं त्या दिवशी छोटं भरलेलं. छोटं रिकामं असतं तेव्हा मुलीची शाळा सुरू झालेली. आणि इथली शाळा सुट्टीबाहेर एक दिवससुद्धा सोडत नाही, आजी आली म्हणून तर नाहीच. राहायचं घर बघितलं, तर घरमालकीण पाच पाच दिवस उत्तर देत नव्हती आणि शेवटी दिलं ते 'कुत्रा चालेल का' एवढंच. नवऱ्याला विचारावं तर तो "बघू" म्हणे. हा माणूस लायडनच्या प्रयोगशाळेत दिवसभर पेशी मोजत बसतो, पण सुट्टीचं नाव काढलं की त्याला "बघू" याच्या पलीकडे मराठी येत नाही. पुण्याहून मावशीचा सल्ला वेगळाच. युरोपात आहात तर स्वित्झर्लंड दाखव की तिला, बेटं काय अंदमानातही आहेत. मी चिडचिड करत, दात ओठ खात, एक एक गाठ सोडवत गेले. मार्च संपेपर्यंत सगळं जमलं. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला आई आली. तिच्या बॅगेत तुळशीबागेतून घेतलेली कापडी टोपी होती, साबासाठी. दुसऱ्याच दिवशी तिने आमच्या घरातल्या जिन्याचा ताबा घेतला. इथले जिने म्हणजे शिडीच. अरुंद, उभे, पाऊल अर्धं बाहेर राहतं. आई कठड्याला धरून तो जिना रोज सकाळ-संध्याकाळ चढायची आणि उतरायची, मोठ्याने मोजत. आधी पाच वेळा, मग दहा, मग पंधरा. मुलगी खालच्या पायरीवर बसून तिला सूचना द्यायची. "आजी, स्लो डाउन. अँड ब्रीद." आजी मराठीत "हो हो" म्हणायची आणि दोघींचं व्यवस्थित जमायचं.

निघायला बारा दिवस होते. स्लोटरडाइकला माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, मी विमान कंपनीच्या साइटवर चौघांची माहिती भरत होते. आईच्या व्हिसाचा नंबर हवा होता, म्हणून फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. नंबरच्या जरा वर प्रवेशांची संख्या लिहिलेली असते. तिथे होतं, एक.

एक म्हणजे एकदाच आत. ती एप्रिलमध्ये आत आली, संपलं. पण साबा तर नेदरलँडच आहे ना, तिथे बाहेर कुठे जातोय आपण? मी ताबडतोब सरकारी चौकशीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची बाई आली. साबा नेदरलँडची खमेंटेच आहे, ती म्हणाली. खमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. पण व्हिसा युरोपातल्या भागापुरताच आहे. तुमच्या आई निघाल्या की बाहेर गेल्या, आणि या व्हिसावर पुन्हा आत येऊ शकत नाहीत. मग तिने विचारलं, "आणखी काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही, एवढंच. थँक यू." आणि फोन ठेवला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्या दुपारी मी चूक कुणाची हे शोधायला बसले. एका देशाचे दोन तुकडे करणारे नियम, विमान कंपनी, व्हिसाच्या ऑफिसातला न पाहिलेला माणूस, "बघू" म्हणणारा नवरा, सगळ्यांना मनातल्या मनात झोडपलं. परतीच्या ट्रेनमध्ये जुन्या मेलमधून अर्ज काढला. किती वेळा प्रवेश हवा, या प्रश्नापुढे तीन चौकोन होते. एकदा, दोनदा, अनेकदा. खूण 'एकदा'वर होती आणि ती मीच केलेली होती.

मला तो दिवसही आठवला. आई व्हिडिओ कॉलवर चष्मा लावून बसली होती आणि मी एक एक रकाना वाचून दाखवत होते. ती म्हणाली होती, "अनेकदा असंही आहे ना त्यात? ते कर की." मी म्हटलं होतं, "आई, लागतं तेवढंच मागावं. जास्त मागितलं की त्यांना संशय येतो." त्यावर ती लगेच म्हणाली, "हो, तेही खरंच." तिला पटणारच. लहानपणी कुणाकडे जेवायला गेलो आणि माझा हात दुसऱ्या जिलबीकडे गेला की शेजारच्या पाटावरून तिचा चिमटा बसायचा. कुणी कितीही आग्रह केला तरी नको म्हणायचं, मागून तर काही घ्यायचंच नाही. हे मी इतकं नीट शिकले की परक्या सरकारलासुद्धा पोट भरलंय म्हणून सांगून आले.

घरी आले तर आई जिन्यावर. "एकोणीस," ती वरून म्हणाली. मी आधी तिच्यावरच खेकसले. "पडशील ना आई, किती वेळा सांगायचं!" ती खाली उतरून तिसऱ्या पायरीवर टेकली. मग मी सगळं सांगितलं. रडले, कारण भयंकर राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

आई थोडा वेळ गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "आता बदलून नाही का मिळणार?"

"नाही मिळत."

"विचारलंस?"

"नियमात नाही गं ते."

"नियम नाही विचारला मी. तू त्यांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मी थँक यू म्हणून फोन ठेवला होता.

"लाव फोन," आई म्हणाली.

चौकशीचा फोन पाचला बंद होतो, त्याला अजून थोडा वेळ होता. पुन्हा ते संगीत. मी तिच्या शेजारी त्याच अरुंद पायरीवर अर्धी टेकले आणि फोन स्पीकरवर ठेवला. बाई दुसरी होती, आवाज तितकाच गोड. बदलून मिळेल का, काही विशेष परवानगी, आई वयस्क आहे, शिक्षिका होती, असं काय काय मी बोलले. तिने ऐकून घेतलं, कुणाला तरी विचारून आली आणि सॉरी म्हणाली. आता काही करता येणार नाही. आईला इंग्रजी कळत होतं. तिने मान हलवली.

"आणखी काही हवंय का, मॅडम?"

"नाही, एव–" माझ्या दंडाला चिमटा बसला. तोच, चाळीस वर्षांपूर्वीचा, नख लागणारा. "विचार पुढच्या वेळचं," आई कुजबुजली.

मी विचारलं. पुढच्या वर्षी आईला जास्त वेळा प्रवेश हवा असेल तर काय करावं लागतं? कुठली कागदपत्रं, कुणाचं पत्र?

"तसं विशेष काही नाही," ती बाई म्हणाली. "अर्जात चौकोन असतो, त्यावर खूण करायची. मिळेलच असं नाही, पण बऱ्याच जणांना मिळतं."

मी फोन ठेवला. शेवटचं ती भरभर बोलली होती, म्हणून आईने विचारलं, "काय म्हणाली?"

"मागायचं होतं, म्हणाली."

माझ्या दंडावर जिथे चिमटा काढला होता तिथे आई अंगठ्याने चोळत राहिली.