केतुराची वीतभर शिवण

केतुरासारखी शिवणारी बाई आमच्या किनाऱ्यावर पुन्हा झाली नाही. सीलच्या कातड्यात तिची सुई अर्ध्या जाडीतच वळायची, आरपार कधी जायची नाही. तिने मढवलेल्या कयाकमध्ये, शिकाऱ्याच्या एकट्याच्या होडीत, थेंब शिरत नसे.

तिचा भाऊ योएल एफ्राइमच्या जोडीने शिकारीला जायचा. एका वसंतात एफ्राइम सील ओढत एकटाच परतला. "योएल उलटला. मला दिसलाच नाही." जोडीदार उलटला की आपल्या कयाकचं टोक त्याच्या हाताशी न्यायचं, म्हणजे ते धरून तो वर येतो, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. केतुरा गप्प राहिली. तीन वर्षं गप्प राहिली.

मग एफ्राइमच्या कयाकचं कातडं कुजलं. नवं शिवायला बायका जमल्या, त्यात केतुरा आपणहून आली. मी कयाकचा सांगाडा धरून उभा होतो, आणि एफ्राइम रीतीप्रमाणे शिवणाऱ्या बायकांना जेवू वाढत होता.

"एफ्राइम, मांस वाढतोयस की हाडं?" बिबियाने नावाची म्हातारी ओरडली.

"तुझ्या दोन दातांसाठी मऊ तुकडा शोधतोय, आजी!"

हशा पिकला. केतुराची मान वर झाली नाही.

दुपारी वारा सुटला. ओलं कातडं आखडायच्या आत शिवण पुरी व्हायला हवी, नाहीतर पाच सीलची कातडी वाया आणि उन्हाळाभर शिकार बंद. वीतभर फट उरली, आणि केतुराने सुई केसांत खोचली.

"अगं, थांबलीस का?"

"योएल दिसला होता तुला?" तिने एफ्राइमला विचारलं.

उभा जन्म मी मुखवटा घालून नाचलो, लोकांना हसवलं, घाबरवलं. पण अशी शांतता मला एकाही खेळात मिळाली नाही. कातड्याच्या कडा वळू लागल्या.

"केतुरा, घरात पोरं आहेत गं माझी."

"त्याच्या घरात मी होते."

एफ्राइमने फटीकडे पाहिलं. "दिसला. हात वर करून हाका मारत होता. त्याच्याकडे जायला सीलची दोरी कापली असती, तर सील गेला असता."

केतुराने सुई काढली आणि फट शिवली. नेहमीसारखीच, सुबक.

चार दिवसांनी चरबी चोळून कयाक पाण्यात उतरवली. आत थेंब नाही.

"बुडणार नाहीस तू," केतुरा म्हणाली. "खूप वर्षं वल्हव. एकटा."

त्याचा नवा जोडीदार मी होतो. माझी कयाक पाण्याशी नेली होती, ती उचलून परत जागेवर ठेवली. त्याने वळून पाहिलं. मी बूट झटकत राहिलो.

पुढे कुणीच त्याच्या जोडीला गेलं नाही. सतरा उन्हाळे तो किनाऱ्याच्या कडेकडेनेच फिरला. कातडं जुनं झालं की दरवेळी केतुराच शिवायला जायची, न बोलावता.