शिक्केवाल्या काकांची घंटी

बिल्डिंगमधले सगळे तिला घंटीताई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नवा भाडेकरू 'मॅडम' म्हणाला, तर तीच त्याला सांगे की बाबा, घंटीताई म्हण, मॅडम म्हटलं की कुणाचे तरी पेपर तपासायचे राहिल्यासारखं वाटतं.

तळमजल्यावर जिन्यासमोर तिचं टेबल. ती इथे पहिल्यांदा बसली ती टेलिफोनच्या बोर्डावर. वरच्या खोल्यांतून नाना तऱ्हेचे कारागीर, बाहेरून येणारी लाइन एक, आणि मध्ये ही. फोन जोडून द्यायचा आणि लगेच आपल्या कानावरचं काढून ठेवायचं, हा तिचा नेम. आयुष्य कानावर काढलं, पण कुणाच्या बोलण्याला कान लावला नाही, असं ती ऐटीत सांगे. नवरा तिला चिडवायचा. म्हणायचा, बायको टेलिफोनवर बसते आणि घरी एक बातमी आणत नाही, काय करायचं असल्या नोकरीला?

मग बोर्ड गेला आणि त्याच टेबलावर कॉम्प्युटर आला. आपापल्या खोलीत तो कुणालाच नको होता. कुणाचे हात डिंकाचे, कुणाचे प्लास्टरचे. मालकाने सगळ्यांत मिळून मेलचा एकच पत्ता काढून दिला आणि जो काही घोळ झाला तो विचारू नका. दातांच्या डॉक्टरांनी कवळीची ऑर्डर पाठवली, तर गादीवाल्यांनी 'मऊ हवी की कडक' असं उलट विचारलं. त्यावरून कवळीवाले आणि गादीवाले कितीतरी दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी प्रत्येकाचं वेगळं खातं काढलं. पण मेल आल्याची वर्दी देणारा जो छोटा प्रोग्रॅम होता, तो एका वेळी एकच खातं सांभाळायचा. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने तोड काढली. म्हणाला, जितकी खाती तितक्या याच्या कॉप्या करू, प्रत्येक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू, म्हणजे एकीला दुसरीचा पत्ता लागणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यात सारखीच दिसणारी पाकिटं ओळीने येऊन बसली. कुणाचं कुठलं हे कळायचं तर आवाजानेच. ताईने आवाज निवडण्यात सबंध दुपार घालवली. गादीवाल्यांना बेडूक दिला, कवळीवाल्यांना दारावरची टकटक, दिव्यांच्या शेड करणाऱ्या बाईंना पाण्याचा थेंब. शिक्केवाल्या काकांना सायकलची घंटी. आवाज झाला की त्या खोलीतला फोन वाजवायचा, 'तुमचं आलंय' म्हणायचं, आणि ज्याने त्याने खाली येऊन आपलं आपण बघायचं. कोपऱ्यात क्षणभर पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ उमटे, तेव्हा ताई खिडकीबाहेर बघे. जुना नेम होता तो, तिने नव्या यंत्रालाही लावला.

शिक्केवाले काका सगळ्यात वरच्या मजल्यावर. रबरी शिक्के करण्यात त्यांचा जन्म गेलेला आणि गुडघे कामातून गेलेले. एकदा ते खाली येऊन टेबलाशी घुटमळत राहिले. मग म्हणाले, ताई, एक मेल लिहून द्याल का, माझ्या बोटांना अक्षरं उलटीच कोरायची सवय, सुलटं काही जमत नाही. ताई हसली, पण मेल सांगायला लागल्यावर तिचं हसू गेलं. मेल मुलीला होता. मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा काकांनी तिला घराचं दार बंद केलं होतं. बायको होती तोवर तिच्यामार्फत मुलीची खबर यायची. बायको गेली आणि तेही संपलं. काकांनी सांगितलं तेवढंच ताईने टाइप केलं: चुकलं माझं. तुला चालणार असेल तर एकदा भेटायला येऊ का?

त्यानंतर सायकलची घंटी वाजली की ताई हातातलं काम टाकायची. ती फोन करायची आणि काका कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत, सगळे मजले उतरून यायचे. शेवटच्या पायरीवर हाताने केस बसवायचे, जणू मुलगी पडद्यातून बघणार आहे. खुर्चीत बसायचे, बघायचे आणि म्हणायचे, "शाई." कुठल्यातरी कंपनीने शाईवर सूट दिलेली असायची. मग परत सगळा जिना.

ताईला ते बघवेना. एक दिवस तिने नेम मोडला. काकांच्या फोल्डरमधला आवाज बंद केला आणि कोपऱ्यातली ओळ वाचायला लागली. काकांना सांगितलं की कामाचे मेल आता रोज घरी जाताना एकदम बघा. मध्येच मी फोन केला तर तो मुलीचाच समजा. काकांचा चेहरा असा उजळला, की आपण हे आधीच का केलं नाही असं तिला वाटलं. ते तेव्हापासून रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले.

आणि एका सकाळी कोपऱ्यात मुलीचं नाव उमटलं. खाली ओळ होती: 'बाबा, येऊ नका. मला आता...' पुढे टिंबं. तेवढ्यात पाकीट मिटलं.

ताई जागच्या जागी बसून राहिली. मेल उघडून पुढचं वाचावं, असं मनात आलं. पुढे 'मीच येते' असं असू शकतं, नाही का? मग वाटलं, काढूनच टाकावा मेल, एका बटणाचं तर काम. काका वाट बघत राहतील, पण निदान इस्त्रीचा शर्ट तरी घालतील. तिने माऊसवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. दुसऱ्याचा फोन तोडायचं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आता तर फोन जोडायचंही जिवावर आलं होतं. मुलीचाच असेल तेव्हाच वाजवीन, असं सांगून त्या फोनला तिने स्वतःच काय करून ठेवलं होतं! आता तो वाजला की वर एक माणूस आनंदाने उठणार होता. काही न सांगावं, तर तो त्याच आनंदात खाली येणार. आधीच सांगावं, तर कुठल्या तोंडाने?

तिने फोन केला. 'तुमचं आलंय' एवढंच म्हणाली. वर खुर्ची मागे पडल्याचा आवाज तिला फोनमधून ऐकू आला.

काका त्या दिवशी कुठल्याच पायरीवर थांबले नाहीत. केस बसवायचंही विसरले. ते वाचत होते तोवर ताई खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"येऊ नका म्हणते," ते म्हणाले. "तिला आता बाप लागत नाही म्हणते."

ताईचा हात नुसताच टेबलावर इकडची वस्तू तिकडे करत राहिला. तिला रडू येत होतं आणि आपण रडणं बरं दिसणार नाही, हेही कळत होतं.

काकांनी चष्मा परत लावला आणि ते उठले. कठड्यापाशी जाऊन परत फिरले.

"ताई, माझी घंटी पूर्वीसारखी करून द्या. कसलाही मेल येऊ दे, फोन करत जा."

ती म्हणाली की काका, शाईचेच असतात हो सगळे, कशाला गुडघ्यांना त्रास.

"असू दे. फोन वाजला की जिना उतरेपर्यंत तो तिचाच असतो."

ताईने त्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन आवाज चालू केला. दुपारी बेडूक ओरडला, थेंब पडला, आणि मग सायकलची घंटी वाजली. ताईने खिडकीबाहेर बघत फोन उचलला. म्हणाली, काका, तुमचं आलंय. वर खुर्ची सरकली. जिन्यावर पावलं वाजायला लागली, थांबत थांबत, मजल्यामागून मजला. शेवटच्या पायरीवर काका थांबले आणि त्यांनी हाताने केस बसवले.