काळी एक आणि काळी चार

माझा स्वभाव फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. हेडमास्तरांनी खोलीत बोलावून "बाई, नोकरी कायम व्हायची असेल तर संगीत विशारद व्हावं लागेल" असं सांगितलं, तेव्हा मी तोंडावरच म्हणाले, "मग सर, इतके दिवस मुलींना समूहगीत कोण शिकवून राहिलं? भिंत?" ते बिचारे भले गृहस्थ. रागावले नाहीत. म्हणाले, "नियम वरून आला आहे. माझ्या हातात असतं तर उद्याच कायम केलं असतं. तुम्ही परीक्षा द्या, तोवर मी सांभाळून घेतो." सांभाळून घेणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. विशारद झालेला दुसरा कोणी अर्ज घेऊन आला, की माझी खुर्ची गेली.

सत्तर-ऐंशीच्या मधली ही गोष्ट. सिहोऱ्याकडे आमची धानाची थोडी शेती होती, आणि घरात पगार आणणारी पहिली मीच. धाकट्या भावाचं कॉलेज त्याच पगारावर चालू होतं. म्हणून वरवर कितीही तोरा मिरवला तरी आतून माझं पाणी पाणी झालं होतं.

गाणं मला बाबांनी शिकवलं. विहारातल्या भजन मंडळाचे ते म्होरके होते, आणि मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची. बाबा शाळेत फारसे गेले नव्हते, पण कान असा की कोपऱ्यात बसलेल्या एखाद्याचा सूर केसभर हलला तरी मान तिकडे वळायची. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून आमची जोडी होती. पहिली ओळ बाबांची, दुसरी माझी. लाऊडस्पीकर कोणाकडे होता तेव्हा? आवाज मोठा तो गायक चांगला, असा सरळ हिशेब होता. "पोरीचा आवाज तळ्याच्या पाळीपलीकडं जाते बाप्पा," असं म्हातारे म्हणायचे आणि बाबांची छाती फुगायची. माझीही फुगायची, खोटं कशाला बोलू.

पेटीच्या ज्या सुरावर 'सा' धरून गायचं, ती गाणाऱ्याची पट्टी. बाबांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या काळ्या सुरांतला पहिला. मंडळात सगळे त्याच पट्टीत गात, मग मीही त्याच पट्टीत. लहानपणी ती मला सोपी गेली. मोठी झाल्यावर वरच्या सुरांना गळ्याच्या शिरा ताणायला लागायच्या, भजनानंतर दोन-दोन दिवस आवाज घोगरा व्हायचा. पण आमच्याकडे आवाज बसला म्हणजे गाणं रंगलं असं धरतात. मुळात पट्टी बदलता येते हेच आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं. ती घराच्या दारासारखी होती, जिथे आहे तिथे आहे.

पहिल्यांदा परीक्षेला बसले आणि वरच्या 'सा'वर आवाज चिरला. परीक्षक म्हणाले, "आवाज आहे, पण गळा दमलाय." नापास. बाबांनी परीक्षकाचा असा उद्धार केला की शेजारीण विचारायला आली, "काय झालं वं, कोणाशी भांडून राहिला बुढा?"

मग कोणीतरी भंडाऱ्यातल्या बाई सुचवल्या. संगीत शिक्षक होणाऱ्यांना त्या तयार करत. शनिवारची शाळा सुटली की मी तुमसरला यायची, तिथून एसटीने भंडारा. बाईंचं घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत सतरंजी, तंबोरा आणि एक जुनी पेटी. बाई किडकिडीत, चष्मेवाल्या, बोलणं मोजकं. माझं एक भजन त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "ही पट्टी कोणाची?"

"बाबांची," मी म्हणाले.

"मग तुमची कुठे आहे?"

माझी पट्टी वेगळी असू शकते, हेच मला नवं होतं. बाईंनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. मी म्हणाले, बहिणीचा मुलगा आहे. "त्याला झोपवताना गुणगुणता ना? तसंच गुणगुणा. मी इथे नाही असं समजा." मला लाज वाटली, तरी गुणगुणले. बाई पेटीवर एकेक पट्टी हळूच दाबून बघत होत्या. माझ्या नेहमीच्या 'सा'च्या बरंच खाली, काळ्या चारवर त्यांचं बोट थांबलं. "ही तुमची," त्या म्हणाल्या. त्या सुरावर मी 'सा' लावला आणि खाली खर्जात उतरले. माझ्या पोटात असा आवाज आहे हे मला कधी माहीत नव्हतं. मला रडूच आलं. बाईंनी पदरही दिला नाही की पाणीही दिलं नाही, नुसत्या म्हणाल्या, "आता परत एकदा."

त्या बाईंसारखी शिक्षिका मी पुन्हा पाहिली नाही. रागांची घोटणी तर त्या करून घेतच, पण वर्गात मुलांना कसं शिकवायचं यावर त्यांचा जीव होता. आम्हा चार-पाच जणांना त्या शेजारच्या शाळेत घेऊन जायच्या आणि सांगायच्या, आधी मुलांचा आवाज कुठे बसतो ते शोधा, मग गाणं काढा. तुमची पट्टी त्यांच्या डोक्यावर थापू नका. नववीतल्या एका मुलाचा आवाज फुटत होता, पोट्टे त्याला हसत होते. बाईंनी त्याला टाळ दिला आणि सांगितलं, "तुझा आवाज सध्या मुक्कामावर नाही, परत येईल. तोवर लय तू सांभाळ." तो मुलगा असा ताठ बसला जसा काही फौजदारच झाला. हे मी नोकरीभर वापरलं.

पण घरी महाभारत झालं. रियाजाला बसले आणि बाबांना म्हणाले, "बाबा, काळी चार धरा." त्यांनी भात्यावरचा हात काढून घेतला.

"काहून? माह्या पट्टीत काय काटे होते?"

"काटे नाहीत बाबा, माझा गळा त्यात बसत नाही."

"इतकी वर्षं बसला, आता भंडाऱ्याले गेली त बसून नाही राहिला!" असं म्हणून ते शेताकडे निघून गेले. खरी अडचण मला नंतर कळली. त्यांची बोटं फक्त काळी एक जाणत होती. दुसऱ्या पट्टीत त्यांना साधी सरगमही वाजवता येत नव्हती, आणि मंडळाच्या म्होरक्यानं पोरीसमोर हे कबूल करायचं कसं? कित्येक दिवस मी एका हाताने सूर दाबून एकटीच रियाज केला. बाबा ओसरीवर पाठ करून बसायचे.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपला होता. सकाळी तळ्यावरून कपडे धुऊन येत होते, तर घरातून पेटी ऐकू आली. अडखळत, चुकत, पुन्हा मागे जात. मला वाटलं भाऊ आला सुट्टीवर. दारातून पाहिलं तर बाबा. तंबाखूच्या चुन्याने त्यांनी काळ्या चारवर ठिपका दिला होता आणि पहिलीतल्या मुलासारखे एकेक सूर शोधत होते. मला बघून म्हणाले, "हे बोट कोठी जाते वं यानंतर?" मी ओल्या कपड्यांची बादली तिथेच ठेवली आणि शेजारी बसले. माझ्या बापाएवढा मोठा विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही.

दुसऱ्या परीक्षेला साथीला बाबाच आले, इस्त्रीचा सदरा घालून. बाहेर आमची वाट बघत बसलेल्या बाईंनी त्यांना पाहिलं आणि खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, "सुरात तुम्हीच बसवलं तिला. मी फक्त जागा बदलून दिली." बाबांनी हात जोडले. आत त्यांनी सूर धरून ठेवला, गरजेबाहेर एक बोट हलवलं नाही. मी खालून वर निवांत गेले, वरच्या 'सा'वर थांबले, आणि उतरले.

पास झाले. हेडमास्तरांनी कायम केल्याचा कागद स्वतः हातात दिला आणि पेढा मागितला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात गर्दी झाली. मंडळातले म्हातारे म्हणाले, "आज बाप-लेकीचं होऊन जाऊ दे." सगळी वस्ती आमच्याकडे बघत होती. बाबांनी पेटी ओढली आणि काळी चार धरली. त्या पट्टीत त्यांचा आवाज पोचत नव्हता, वरही नाही आणि खालीही नाही. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पहिली ओळ त्यांची होती. त्यांनी ती नुसती वाजवली आणि माझ्याकडे मान हलवली.

मी वाकून हळूच म्हणाले, "बाबा, काळी एक धरा. एक दिवस गाते मी तुमच्या पट्टीत. काही होत नाही."

भाता हलवतच ते म्हणाले, "नोको माय. मी गाईन त तुले वर जा लागन. तू गाय, मी आयकतो."

त्या दिवशी दोन्ही ओळी मीच म्हटल्या.