न झालेल्या आजारांचा बचत गट

आमच्या सेंटरमध्ये कपाटं दोनच, आणि दोन्ही सिरिंजच्या खोक्यांनी भरलेली. त्यामुळे किस्से ठेवायला जागा नाही. ते आम्ही तोंडातच ठेवतो आणि कोणी नवीन माणूस चहाला टेकला की बाहेर काढतो. आता तुम्ही टेकलाच आहात.

सेंटर म्हणजे ठाण्याच्या कोपरी भागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. धंदा करणाऱ्या ज्या बायका नशेचं इंजेक्शनही घेतात, त्यांच्यासाठी. वापरलेली सुई द्यायची, नवी न्यायची, कंडोम न्यायचे, आतल्या खोलीत एचआयव्हीची टेस्ट करायची, नाहीतर नुसतं पंख्याखाली बसायचं. मी तिथे डॉक्टर नाही, नर्स नाही. मी अर्थशास्त्रवाली. एक लागण टाळायला किती खर्च येतो आणि तो कसा परवडतो, हे पैसे देणाऱ्यांना पटवणं हे माझं काम. थोडक्यात, जे झालंच नाही ते मोजायचा मला पगार मिळतो.

*

हे घरी समजावणं महाकठीण. डोंबिवलीत मावसबहिणीच्या लग्नात एका काकूंनी विचारलं, सध्या काय करतेस? मी सावधपणे म्हटलं, "आरोग्याचं अर्थशास्त्र." काकूंचा चेहरा उजळला. पंगत उठायच्या आत त्यांनी काकांना मेडिक्लेमची फाइल आणायला घरी पिटाळलं, आणि मी एका हातात मठ्ठ्याचा ग्लास धरून त्यांच्या मोतीबिंदूचा क्लेम का नाकारला ते वाचत उभी. आईला मात्र फार हायसं वाटलं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, मुलगी इन्शुरन्समध्ये आहे.

*

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्या देणगीदारांपर्यंत जाऊ देऊ नका. सुया वाटणाऱ्या या कार्यक्रमाची अधिकारी असलेल्या मला सुईची भीती वाटते. साधीसुधी नाही. घाम फुटतो, कान बंद होतात आणि मी खाली बसते.

एकदा सकाळी कल्याणला द्यायचं सिरिंजचं खोकं आदल्या संध्याकाळी घरी आणलेलं. वॉचमनने ते पाहिलं आणि त्याचं काम चोख केलं. जेवायच्या आधीच बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका, बाही वर केलेली, हातात बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनची बाटली. मी म्हटलं, मी सिस्टर नाही हो. "अगं लाजतेस काय, घरचेच आहोत आपण," असं म्हणत ते आत येऊन बसलेसुद्धा. त्यांनी ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि मी सोफ्यावर आडवी. पाणी काकांनीच आणलं. आता सोसायटीत माझ्याकडे फार मायेने बघतात. नर्सिंगची परीक्षा सुटली नाही बिचारीची, असं सगळ्यांचं ठरलंय.

सेंटरमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती रेश्मा. रेश्मा हे तिचं खरं नाव नाही, आणि हे खोटं नावही तिनेच निवडलंय. मी लक्ष्मी सुचवलेलं. "त्या नावाने गिऱ्हाईक पाया पडून निघून जाईल," म्हणाली. ती जवळजवळ रोज येते. स्वतःसाठी आणि तिच्या माणसासाठी नव्या सुया नेते, जुन्या न विसरता परत आणते. फक्त टेस्टच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. कधी उपास, कधी डोकेदुखी, आणि दोन्ही नसेल तेव्हा अमावस्या.

*

मग मी एक हुशारी केली. खर्च कमी दिसावा म्हणून सेंटरचा चहा बंद केला. कागदावर आकडा इतका देखणा दिसायला लागला की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

त्या आठवड्यात सेंटर एकदम शांत. बायका नाहीत, जुन्या सुया नाहीत, आमचा स्टाफही दिसेना. शेवटी मलाच चहाची तलफ आली म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, तर सगळं सेंटर तिथे बसलेलं. मीटिंग चालू होती. जुन्या सुयांचा बंद डबा टपरीवाल्याच्या बाकाखाली ठेवलेला, आणि तो माणूस त्यावर नीट लक्ष ठेवून होता. मला बघून रेश्माने सरकून जागा केली आणि टपरीवाल्याला सांगितलं, बिल आता या मॅडम देतील. दुसऱ्या दिवशी चहा परत सुरू झाला. माझ्या तक्त्यात तो आता उपचारांच्या सदरात येतो.

*

एवढं होऊनही मला वाटलं, आपलं काम या बायकांनाही कळायला हवं. मी प्रोजेक्टर लावला, आलेख दाखवला. समजा तुमच्यातल्या एकीला लागण झाली नाही, तर तिच्या जन्मभराच्या औषधांचा सरकारचा खर्च वाचला, असं बरंच काही बोलले. दोघी झोपल्या.

सुनंदाताई जाग्या होत्या. ताई पूर्वी स्वतः धंद्यात होत्या, आता सेंटरसाठी वस्तीत फिरतात आणि बायकांना घेऊन येतात. त्यांना लागण आहे, कितीतरी वर्षं रोज गोळ्या घेतात, आणि हे त्या कोणालाही सांगतात. त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे आजार न होऊन आम्ही पैसे वाचवतो. मग हा बचत गटच झाला की."

झोपलेल्या दोघीही उठल्या. तिथल्या तिथे गटाचे नियम ठरले. टेस्ट करून जिचं काही निघालं नाही, ती सभासद. आणि अध्यक्ष कोण? ताई खुर्चीत मागे रेलल्या. "मी. माझ्या गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट चांगले आहेत, माझ्याकडून आता पुढे कोणाला जात नाही. म्हणजे सगळ्यात जास्त मीच वाचवते."

यात चुकीचं काय ते मला अर्थशास्त्राने सांगता येईना. मागून रेश्मा म्हणाली, "माझं नाव नका घालू त्यात." सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत.

*

पुढच्याच महिन्यात दिल्लीहून देणगीदारांचे साहेब आले. येताना घोडबंदर रोडला असे अडकले की मी माझं भाषण दोनदा पाठ करून दोनदा विसरले. ते पोचले तर दारातच फळ्यावर ताईंनी खडूने लिहिलेलं, बचत गटाची मीटिंग. साहेब खूश झाले. ताईंना विचारलं, आप लोग क्या बनाती हैं, पापड या अचार?

ताई म्हणाल्या, "कुछ नहीं साब. हम लोग होने नहीं देतीं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेख काढला आणि अर्धा तास बोलले. नंतर त्यांचा अहवाल आला. निधी चालू ठेवला होता. माझ्या आलेखाबद्दल एक शब्द नव्हता, पण महिलांच्या गृहउद्योगाचं भरभरून कौतुक होतं.

*

आता शेवटचा.

दिवाळीनंतर रेश्माचा माणूस आजारी पडला. नुसता वाळत गेला. दवाखान्यात त्याची टेस्ट झाली आणि एचआयव्ही निघाला. घरातल्या नव्या सुया संपल्या की दोघं कधी कधी एकच सुई वापरायचे, हे तिनेच आम्हाला पूर्वी सांगितलेलं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. ती मात्र रोज येऊन चहा घेऊन बाहेरच्याच खोलीत बसायची. ताईंनी समजावलं, मी समजावलं. मी तर तिला आलेखसुद्धा दाखवला. त्याची मला अजून लाज वाटते.

एका दुपारी तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी केलीय टेस्ट?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, ते बोटाला टोचतात ना.

रेश्मा म्हणाली, "मला सुईची भीती नाही, निकालाची आहे. तुम्हाला निकालाची नाही, सुईची आहे. दोघी मिळून एक धड बाई होते. चला. आधी तुम्ही."

आतल्या खोलीत सिस्टरने माझं बोट धरलं आणि माझे कान बंद झाले. रेश्माने माझं तोंड स्वतःकडे वळवलं. "सुईकडे नाही, माझ्याकडे बघा," म्हणाली, आणि मेडिक्लेमवाल्या काकूंचं काय झालं ते सांगायला लावलं. मोतीबिंदूपर्यंत पोचले तर टोचून झालेलं. मग ती बसली आणि सिस्टरकडे न बघताच बोट पुढे केलं.

निकाल यायला थोडा वेळ लागतो. ताईही येऊन बसल्या, आम्ही तिघी बाहेर बाकावर. मी नेहमीसारखं म्हणायला लागले, काहीही निघालं तरी औषध आहे, फुकट आहे, माणूस छान जगतो. रेश्मा म्हणाली, "मॅडम, जरा गप्प बसा." मी बसले. मला फार भीती वाटत होती, आणि ती सुईची नव्हती.

थोड्या वेळाने तिने ताईंना हळूच विचारलं, "मी अध्यक्ष झाले तर?"

ताई म्हणाल्या, "मग मी उठेन. तू बस खुर्चीवर. गोळ्या कशा घ्यायच्या ते शेजारी बसून शिकवेन."

सिस्टरने आधी मला बोलावलं. माझं काही नव्हतं. बाहेर आल्यावर चेहरा कसा ठेवायचा ते मला कळेना, म्हणून मी पंख्याकडे बघत बसले. मग रेश्मा आत गेली आणि दार लागलं. ताईंनी तिच्यासाठी चहा ओतला, वर बशी झाकली आणि कप हातातच धरून ठेवला.

दार उघडलं. रेश्मा बाहेर आली, ओढणीने तोंड पुसलं, ताईंच्या हातातला कप घेतला आणि उभ्या उभ्या सगळा चहा संपवला.

मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, तुमची खुर्ची शाबूत आहे. मी नुसती सभासद."