जोग्याचं पेट्रोल आणि माझी कारली

आमच्या किचनमध्ये श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. सून म्हणते, "आई, एकदाचं आवरा." मी म्हटलं, डबे तू आवर, किस्से मी आवरते. तर ऐका.

आम्ही राहतो इकडे आखातात, अल कुसैसला. माझा मुलगा नितीन ऑफिसात मॅनेजर, आणि रविवारी बेसबॉलच्या टीमचा मॅनेजर. ऑफिसात त्याचं कोण ऐकतं ते मला माहीत नाही, टीममध्ये कुणी ऐकायचं नाही! सगळी आपली पोरं, पुण्या-मुंबईची. क्रिकेट खेळून खेळून ढोपरं गेलेली. कुठल्याशा अमेरिकन साहेबाच्या नादानं ह्या खेळात शिरली. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण घडीची खुर्ची टाकून बसले आणि दोन रविवारात सगळा खेळ समजला. कळला नाही तो आमच्या तांबेला.

* * *

तांबे म्हणजे नितीनच्या ऑफिसातला. अंगानं दांडगा, बॉल लागला की पार रस्त्यापलीकडे. पण जन्माची क्रिकेटची सवय! बॉल मारला की बॅट घेऊनच पळायचा आणि बेसवर जाऊन टेकवायचा. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, हे त्याच्या डोक्यात शिरेचना.

नितीन म्हणाला, "ह्याला काढूया आता."

मी म्हटलं, "थांब. उन्हाळाभर माझ्याकडे पाठव त्याला."

आमच्या बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याच्या हातात लाटणं दिलं. टाळी वाजवली की लाटणं टाकायचं आणि लिफ्टपर्यंत पळायचं! खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई रोज वर यायच्या, "आंटी, क्या गिरा?" मी म्हणायची, "कुछ नहीं, तांबे का आदत गिर रहा है."

सीझन सुरू झाला. पहिल्याच मॅचला तांबेनं बॉल असा मारला! बॅट टाकली! आम्ही सगळे उभे राहून ओरडतोय, "पळ, पळ!" पळाला. पहिल्या बेसला पाय लावला.

आणि पुढच्या बेसकडे पळायचं सोडून, गर्रकन वळून दुसरी रन काढायला जिथनं निघाला तिथंच परत आला!

* * *

ह्या खेळाची गंमत म्हणजे खेळ बंद असतो तेव्हाच खरा खेळ चालतो. इथं जूनपासून बाहेर उभं राहवत नाही. निम्मे लोक इंडियाला, उरलेले एसीत. मग फोन सुरू. तुझा कॅचर मला दे, माझा पिचर तू घे. नितीन बेडरूमचं दार लावून कुजबुजायचा. सुनेला पहिल्या वर्षी वाटलं भलतंच काहीतरी चाललंय! रडवेली होऊन माझ्याकडे आली, "आई, हे फोनवर म्हणत होते, आहे तिच्यापेक्षा तरुण मिळतेय तर बघू."

मी तिला दोन दिवस तसंच ठेवलं. मग सांगितलं, अगं, तो टीमबद्दल बोलत होता.

* * *

आता जोग्या. प्रसाद जोगळेकर. रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत अकाउंटला होता. बायको, आई पुण्यात, हा इथं बॅचलर खोलीत. शारजाला क्रिकेट खेळायचा, पण अंपायर त्याला एक ओव्हर पुरी करू द्यायचा नाही. हात कोपरात वाकायचा ना! नो बॉल, नो बॉल. शेवटी फेकतो म्हणून टीमनं हाकललं बिचाऱ्याला. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी आला होता, लिफ्टमध्ये नितीनला रडगाणं सांगत होता.

मी मध्येच नितीनला म्हटलं, "अरे, तुमच्या खेळात फेकायचंच असतं ना?"

लिफ्ट तळाला पोचेपर्यंत जोग्या आमचा पिचर झाला होता!

काय फेकायचा! समोरच्याला बॉल दिसायचा नाही, नुसता कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज यायचा. मॅच झाली की घरी यायचा, हात धुऊन ताटावर बसायचा. मटकीची उसळ, वरणभात, सणाला पुरणपोळी. पहिल्यांदा जेवला तेव्हा मध्येच थांबला, ताटाकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय रे, खडा लागला?" म्हणाला, "नाही काकू. गरम आहे." मेसचं जेवण जेवून गरम वरणाची सवय गेली होती त्याची.

* * *

लीगचा एक नियम होता. प्रत्येक टीमनं सीझनला खेळाडूंवर किती खर्च करायचा ते ठरलेलं. बूट द्या, पेट्रोल द्या, रोख द्या की वस्तू द्या, सगळं त्या लिमिटमध्ये. नाहीतर मोठ्या कंपनीवाले सगळे चांगले खेळाडू उचलून नेतील.

"वीस हजार दिरहॅम, आई."

"म्हणजे रुपये किती?"

"साडेचार लाखाच्या वर."

"एवढ्यात तर अख्खी टीम काशीला जाऊन येईल. खेळता कशाला?"

त्या वर्षी नितीननं एक फिलिपिनो कॅचर घेतला आणि लिमिट काठोकाठ भरलं. जोग्याला मिळायचं ते फक्त रास अल खैमाहून यायचं-जायचं पेट्रोल. माझी नात इरा, तेव्हा शाळेत होती, तिला हा नियम फार आवडला. मी जोग्याला तिसरी पोळी वाढायला गेले की ती ओरडायची, "आजी, यू आर ओव्हर द कॅप! लिमिट संपलं!"

आम्ही हसायचो. पुढं काय होणार ते कुणाला माहीत!

* * *

उन्हाळा होता. खेळ बंद, पण जोग्या रविवारी जेवायला यायचाच. जेवून सोफ्यावर घोरत होता, आणि त्याचा मोबाइल वाजला. इरा म्हणाली, "आजी, इट्स खुराना अंकल." खुराना म्हणजे सिलिकॉन ओएसिस भागातल्या टीमचा मालक. पैसेवाला माणूस. कळलं मला, आमचा पिचर पळवायला निघालाय.

मी फोन उचलला. "हां, बोलो. मैं प्रसाद का माँ."

"नमस्ते माताजी! हम आपके बेटे को अपनी टीम में लेना चाहते हैं."

"लो ना. पर उसको रोज दोपहर को नींद लगता. और भिंडी नहीं खाता. और अमावस को बॉल नहीं डालता."

मला वाटलं, ठेवेल आता फोन. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कोई बात नहीं माताजी. शेड्यूल में अमावस देख लेते हैं."

संध्याकाळी जोग्या किचनमध्ये आला. "काकू, खुराना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त देतोय. पण मला अमावस्येची सुट्टी कशासाठी देतोय?"

मी भांडी घासत राहिले. विचारलं, "मग जाणार?"

"त्यांना सांगितलं, सर, इकडे काकू जेवायला घालतात, मला नाही जमणार."

मला बरं वाटलं. पण ह्या भोळ्यानं खुरानाच्या हातात कोलीतच दिलं होतं!

* * *

खुरानानं लीगकडे तक्रार केली. म्हणे, कुसैसवाले पिचरला जेवण देतात, ते खर्चात दाखवत नाहीत. वस्तू दिली की ती लिमिटमध्ये! नितीनचा चेहरा उतरला. "आई, जेवणाची किंमत धरली तर आपण लिमिटच्या वर जातो. जोग्याला सोडावं लागेल. किंवा त्याचं इथलं जेवण बंद."

जोग्या म्हणाला, "जेवण बंद करा दादा, मी खेळतो." आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

रविवारी लीगचा माणूस तपासायला येणार होता. हद्दादसाहेब, लेबननचा, भारी गोड बोलणारा. जेवणार, आणि जेवणाची किंमत ठरवणार.

सून म्हणाली, "आई, पुरण घालू का?"

मी म्हटलं, "आज तू किचनमध्ये पाय ठेवायचा नाहीस."

तुम्हाला सांगते, मुद्दाम वाईट स्वयंपाक करणं सोपं नाही. हात ऐकत नाही हो! मीठ घालायला आपोआप डब्याकडे जातो. कारली चिरली, ना मीठ लावलं, ना पिळली, ना गूळ. वरण अळणी. भात खालून लावला. पोळ्या अशा, की तांबेनं बेस म्हणून वापराव्यात. कुणालाच काही सांगितलं नाही, जोग्यालासुद्धा नाही.

ताटं मांडली. हद्दादसाहेबानं "बिस्मिल्ला" म्हणून कारल्याचा घास घेतला. चावायचा थांबला. डोळ्यांत पाणी आलं. ग्लासभर पाणी प्यायला, पोळीकडे बघितलं आणि ती हळूच बाजूला सरकवली. नितीननं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच कुणाची आई आहे.

जोग्या मात्र खाली मान घालून जेवत होता. कारली संपवली. वरण संपवलं. करपलेला भात बोटांनी निपटून खाल्ला. मी मनात म्हणतेय, अरे मेल्या, तोंड तरी वाकडं कर!

त्यानं ताट पुढं केलं. "काकू, कारली आहेत अजून?"

मी वाढली. तीही संपवली.

हद्दादसाहेब त्याच्याकडे बघतच राहिला. मग नितीनला म्हणाला, आणि इरानं लगेच माझ्या कानात सांगितलं, "ह्या माणसाला तुम्ही देता किती?"

"फक्त पेट्रोल, सर."

हद्दादसाहेब उठला. जोग्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, बाळा," म्हणाला, आणि त्याची पाठ थोपटली. दारात बूट घालताना त्यानं नितीनला बाजूला घेतलं. इरा होतीच मागं कान देऊन.

"खलास, तक्रार संपली. पण ह्याला थोडं काहीतरी वाढवून द्या. लिमिटचं मी बघतो, इन्शाल्ला."