पुसलेला खळगा

“मड हलकं ठेवलं, ही माहीच चूक होती बे,” सुधाकर म्हणाला.

स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सिविक सेंटरला आम्ही समोसे खात उभे होतो. दोघेही सेक्टर दहाचे, शेजारच्या क्वार्टरांत वाढलेले, पुढे एकाच तेल कंपनीत लागलेले. तो ड्रिलर. मी जिओफिजिसिस्ट, म्हणजे जमिनीवर छोटे स्फोट करून खालून येणाऱ्या लहरी वाचणारा. एका विहिरीत गॅस उसळला आणि सुधाकरला रिगवरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. त्यानंतर आमची गाठ आत्ता पडत होती.

“तुही चूक कावून?”

“रिपोर्टात प्रेशर नॉर्मल होतं. पण ड्रिलर तं मीच होतो ना. मले समजाले पाहिजे होतं.”

तो रिपोर्ट आमच्याच ऑफिसातून गेला होता.

खोल जावं तसा दगड दाबला जातो, घट्ट होतो आणि लहर जास्त वेगाने धावते. पण दगडाच्या छिद्रांत पाणी कोंडलेलं असेल तर वरचा भार तेच पेलतं. दगड सैल राहतो, लहर मंदावते. या कोंडलेल्या पाण्याचं प्रेशर म्हणजे पोअर प्रेशर. ते आधी कळलं तर ड्रिलर विहिरीतलं मड, म्हणजे चिखलाचं द्रावण, जड करून ते दाबून धरतो.

त्या विहिरीच्या, खोदाईआधी काढलेल्या आलेखात वेग एका जागी घसरला होता, रेषेत खळगा पडला होता. मी तेव्हा माझ्या साहेबांना दाखवलं.

“खोलीबरोबर वेग वाढतो. कमी कसा होईल? नॉइज आहे. स्मूथ करा.”

“सर, तिथं प्रेशर असू शकतं.”

“वर पाठवायचंय. बघायला नीट दिसलं पाहिजे.”

आमच्याकडे तशी रीतच होती. वेडावाकडा आलेख म्हणजे कच्चं काम. मी हुज्जत घातली, तेव्हा साहेबांनी स्वतः खोडरबर घेतलं आणि खळगा बुजवला. माझी रवानगी दुसऱ्या फील्डवर झाली. पुढे चौकशीला फक्त ड्रिलिंगवाल्यांना बोलावलं.

हे सगळं सुधाकरला सांगितलं.

“म्हंजे आधीच दिसलं होतं?”

“दिसलं होतं. तुही काहीच चूक नव्हती.”

“बाबाले सांगाले पाहिजे होतं रे.” त्याचे बाबा प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. “अख्ख्या नोकरीत त्यायचा एक अ‍ॅक्सिडेंट नाही. मले म्हणत, हात कसा चुकला तुहा? मागच्या हिवाळ्यात गेले.”

मला फार वाईट वाटलं.

साहेबांना प्रमोशन मिळालं. सुधाकर स्टोअरमधूनच रिटायर झाला. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो: खळगा पुसायचा असेल तर आधी ड्रिलरला दाखवा. ऐकून पोरं माना डोलवत. सुधाकरच्या बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.